डॉट ईएनव्ही चुकून पुश झाली, आता काय करायचं?

पूर्वी माझ्याच टीममध्ये ज्युनिअर होती आणि आता नाशिकला स्वतः पाच जणांची टीम सांभाळते, अशा एका मुलीचा काल मेसेज आला. थोडक्यात असा: "दादा, आमचा नोड आणि रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट आहे, रिपो प्रायव्हेट आहे. मागच्या आठवड्यात एका मुलाकडून डॉट ईएनव्ही फाइल चुकून कमिट झाली, मी लगेच पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट केली. आत रेझरपेची लाइव्ह की, डेटाबेसचा पासवर्ड आणि एडब्ल्यूएसची की होती. एवढं पुरे ना? आणि नवीन माणूस आला की आम्ही ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते बंद करून व्हॉल्ट बसवावं का?" हे शब्द नवे असतील त्यांच्यासाठी: डॉट ईएनव्ही म्हणजे अ‍ॅपचे पासवर्ड आणि किल्ल्या (की, सीक्रेट) ठेवायची साधी फाइल, गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, रिपो म्हणजे गिटमधला कोडचा साठा, कमिट म्हणजे बदलाची एक नोंद, ती गिटहबसारख्या साइटवर चढवणं म्हणजे पुश, एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, आणि व्हॉल्ट म्हणजे सीक्रेट्स सांभाळणारा वेगळा सर्व्हर. तिला दिलेलं उत्तर जरा लांबलं, पण हाच प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून सगळंच नीट लिहून काढलं.

पुरे नाही. व्हॉल्टचं नंतर बोलू, आधी हे.

गिटमध्ये फाइल डिलीट केली म्हणजे ती आजपासून पुढे नाही एवढंच होतं, कालपर्यंतची ती तशीच आत असते. स्वतः बघ, टर्मिनल उघड, गिट लॉगला सगळ्या ब्रँचेस दाखवायला सांग आणि शेवटी डॉट ईएनव्ही हे नाव दे. दोन कमिट दिसतील, एक फाइल आली तो आणि एक गेली तो. पहिल्या कमिटचा हॅश उचल, गिट शो मार, आणि समोर बघ, रेझरपेचं सीक्रेट जसंच्या तसं, डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा, हिरव्या अक्षरात, पुढे अधिकचं चिन्ह. ज्याच्याकडे रिपोचा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, आहे त्या प्रत्येकाला हे दोन कमांडमध्ये दिसतं, आणि यात मागच्या वर्षी सोडून गेलेला माणूस येत नाही असं वाटत असेल तर एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅक्सेस कुणाकुणाला आहे ते बघच.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि ती मला मनापासून सांगायचीय. घाबरून आधी हिस्टरी साफ करायला बसतात. हिस्टरीतून फाइल पुसणारं फिल्टर-रिपो इन्स्टॉल कर, सगळ्या ब्रँचेस पुन्हा लिही, फोर्स पुश मार (म्हणजे सर्व्हरवरची हिस्टरी जबरदस्तीनं बदल), मग बाकीच्या चौघांचे क्लोन बिघडतात, ते निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. आणि या सगळ्या वेळात ती की चालूच असते! शिवाय फोर्स पुश केल्यावरसुद्धा गिटहबवर जुना कमिट त्याच्या हॅशने काही काळ उघडतोच, पुल रिक्वेस्टमध्ये राहिलेला असतो, सपोर्टला लिहून काढून घ्यावा लागतो, आणि लोकांच्या लॅपटॉपवरचे क्लोन, फोर्क, सीआयचा (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) कॅश हे तर तुझ्या हातातच नाही. म्हणून क्रम उलटा. आधी किल्ल्या बदल, म्हणजे जुन्या फाइलमध्ये जे लिहिलंय ते कुणाच्या हाती लागलं तरी त्यानं कुठलंच कुलूप उघडणार नाही. हिस्टरी मग रविवारी शांतपणे साफ कर, किंवा नाही केलीस तरी आकाश कोसळत नाही.

"पण रिपो प्रायव्हेट आहे" हे मी खूप ऐकतो. उबरचंही प्रायव्हेटच होतं. २०१६ साली चोर त्यांच्या इंजिनिअर लोकांच्या गिटहब अकाउंटमधून प्रायव्हेट रिपोत शिरले, तिथे कोडमध्ये एडब्ल्यूएसची की मिळाली, त्या कीने एसथ्री या एडब्ल्यूएसच्या साठवणीतला डेटा उघडला, आणि प्रवासी आणि ड्रायव्हर मिळून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. वरून चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण वर्षभर दाबून ठेवलं, ते २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं, आणि तेव्हाच्या त्यांच्या सुरक्षाप्रमुखाला २०२२ मध्ये कोर्टात दोषी ठरवलं गेलं. टोयोटाचं उदाहरण अजून साधं आहे, गाडीला इंटरनेटशी जोडणाऱ्या त्यांच्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा एक भाग कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये पब्लिक रिपोत गेला, आत सर्व्हरची की होती, आणि ते लक्षात यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. जवळजवळ पाच वर्षं! २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता त्यांना जाहीर करावी लागली. या पाच वर्षांत ती की एकदा जरी कुणी रुटीन म्हणून बदलली असती तर रिपोत पडलेला तो तुकडा नुसता कागद झाला असता.

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. सीक्रेट कुठे लपवायचं याच्यावर लोक तासन् तास वाद घालतात, कुठलं टूल भारी, कुठलं एन्क्रिप्शन चांगलं. मी टीमला पहिला प्रश्न वेगळा विचारतो: ही की आत्ता, या क्षणी बदलायची म्हटलं तर किती वेळ लागेल, आणि कुणाला माहितीय कशी बदलायची? याचं उत्तर "दहा मिनिटं, आणि आमच्यातल्या कुणालाही" असं असेल तर फाइल कुठेही असो, मला झोप येते. उत्तर "बघावं लागेल, ते अमक्यानं सेट केलेलं" असं असेल तर जगातलं सगळ्यात महागडं टूल बसवलेलं असलं तरी ती टीम धोक्यात आहे.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो तेव्हा ओटीपी पाठवायला एक एसएमएस गेटवे घेतलेला, आणि त्याची की थेट अँड्रॉइड अ‍ॅपच्या आत ठेवलेली, कारण तेव्हा कुणाला तरी सर्व्हरवरून पाठवण्यापेक्षा ते सोपं वाटलं. एका शनिवारी सकाळी सपोर्टचा फोन, लॉगिन होत नाहीये कुणालाच. बघतो तर एसएमएसचं बॅलन्स शून्य. कुणीतरी एपीके फाइल उघडून की काढली आणि रात्रभर स्वतःचे मेसेज आमच्या खात्यातून पाठवले. ठीक आहे, की बदला! पण की बदलली की रस्त्यावर असलेल्या प्रत्येक फोनमधलं जुनं अ‍ॅप बंद पडणार, कारण जुनी की त्याच्या पोटात. मग नवीन व्हर्जन काढा, प्ले स्टोअरवर टाका, लोक अपडेट करतील याची वाट बघा, आणि तोवर चोराच्या हातातली तीच की चालू ठेवा आणि दर तासाला थोडं थोडं बॅलन्स भरत राहा. अकरा दिवस चाललं ते. पैशापेक्षा मला ती अगतिकता लक्षात आहे, चोर घरात आहे हे दिसतंय आणि कुलूप बदलता येत नाही.

म्हणून तुझ्या रिअ‍ॅक्टच्या भागाबद्दल आधीच सांगतो: ब्राउझरमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये जे जातं ते सीक्रेट नसतंच, मग ते ईएनव्ही फाइलमधून आलेलं का असेना. बिल्डसाठी व्हीट हे टूल वापरत असशील तर ‘व्हीट अंडरस्कोर’ने सुरू होणारी, नेक्स्ट असेल तर ‘नेक्स्ट पब्लिक’ने सुरू होणारी, जुन्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये ‘रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये साध्या अक्षरात छापली जातात. रेझरपेची की आयडी तिथे चालते, ती दिसण्यासाठीच असते. की सीक्रेट तिथे कधीच नाही. आत्ताच तुमच्या लाइव्ह साइटची जावास्क्रिप्ट फाइल उघड आणि सीक्रेटची पहिली पाच-सहा अक्षरं शोधून बघ, मी हे केल्यावर दोनदा सापडलंय लोकांचं.

आता तुझ्या तीन किल्ल्या.

एडब्ल्यूएसपासून सुरू कर. आयएएम युझरला (एडब्ल्यूएसमधलं ठरावीक अधिकारांचं खातं) एका वेळी दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात, आणि ते मुद्दाम याच कामासाठी दिलेलं आहे: दुसरी बनव, अ‍ॅपला ती दे, डिप्लॉय कर (सर्व्हरवर चढव), पहिली शेवटची कधी वापरली गेली ते कन्सोलमध्ये दिसतं ते बघ, वापर थांबला की इनअ‍ॅक्टिव्ह कर, आणि एक-दोन दिवस कुठे आरडाओरडा झाला नाही की मग डिलीट. हा शांततेतला क्रम. रिपो पब्लिक असती तर मी म्हटलं असतं आधी इनअ‍ॅक्टिव्ह कर, साइट पडली तर पडू दे, कारण पब्लिक गिटहबवर बॉट सतत डोळे लावून बसलेले असतात, एडब्ल्यूएसच्या की ‘एकेआयए’ या चार अक्षरांनी सुरू होतात त्यामुळे शोधणं अगदीच सोपं, आणि की पडल्यापासून वापरली जाईपर्यंत काही मिनिटं पुरतात. पब्लिक रिपोत की दिसली तर एडब्ल्यूएस स्वतःहून त्या युझरवर क्वारंटाइनची पॉलिसी लावतं हे खरंय, पण ती सगळं अडवत नाही, तिच्या भरवशावर राहू नकोस. आणि की बदलून झाली की क्लाउडट्रेल, म्हणजे एडब्ल्यूएसमधली कुणी काय केलं याची नोंदवही, उघड, त्या कीने मागच्या आठवड्यात काय काय केलं गेलं ते बघ, आणि मुंबई रीजनच (एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरचा विभाग) नाही तर सगळे रीजन बघ. तू कधी उघडलाच नसशील अशा एखाद्या रीजनमध्ये मोठमोठी मशिन्स कुणीतरी कॉइन मायनिंगला लावून ठेवलेली सापडतात, बिल येईपर्यंत कळतच नाही.

रेझरपे: डॅशबोर्डवरून नवीन की जनरेट कर, जुनी कधी बंद होणार ते जनरेट करतानाच नीट वाच आणि डिप्लॉयची वेळ त्याप्रमाणे ठेव. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे वेबहुकचं सीक्रेट, म्हणजे रेझरपे तुमच्या सर्व्हरला आपोआप जे मेसेज पाठवतं त्यांच्यावर सही करायचं. ते वेगळं असतं, की बदलली म्हणून ते बदलत नाही. ते कुणाकडे असेल तर तो माणूस तुमच्या सर्व्हरला "पेमेंट झालं" असा मेसेज बरोबर सहीसकट पाठवू शकतो, आणि तुमचा कोड सही तपासून आनंदाने ऑर्डर पाठवून देईल. पैसे न येता माल जाईल, आणि महिनाअखेरीला हिशोब जुळेना म्हणून अकाउंटंट डोकं धरून बसेल.

डेटाबेस सगळ्यात किचकट, कारण तो पासवर्ड कुठे कुठे आहे हेच माहीत नसतं. सगळ्यात आधी पोर्ट बघ, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएसचा फायरवॉल) डेटाबेस सगळ्या जगाला उघडा आहे का, असेल तर तो आत्ताच्या आत्ता बंद कर, पासवर्डच्याही आधी. मग बदलण्याची माझी पद्धत अशी: एका युझरचा पासवर्ड बदलत बसायचं नाही, सारखेच अधिकार असलेले दोन युझर ठेवायचे. आज अ‍ॅप पहिल्याने चालतंय, तर दुसऱ्याला नवा पासवर्ड दे, अ‍ॅपला दुसऱ्यावर हलव, चालतंय बघ, मग पहिल्याचं लॉगिन बंद. पुढच्या वेळी उलटं. एक सेकंदही साइट बंद पडत नाही. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून तर एकाच युझरला जुना आणि नवा दोन्ही पासवर्ड काही काळ चालू ठेवता येतात, पण दोन युझरची पद्धत पोस्टग्रेसलाही चालते म्हणून मला ती आवडते.

मी एकदा एका टीमबरोबर काहीही झालेलं नसताना, साध्या मंगळवारी दुपारी, हा पासवर्ड बदलायची तालीम केली. सगळ्यांना वाटलं वीस मिनिटांचं काम. मुख्य अ‍ॅप दहा मिनिटांत हललं. मग जुना युझर बंद केला आणि कोण कोण ओरडतंय ते लॉगमध्ये बघत बसलो. रिपोर्टचा सर्व्हर ओरडला. मग तीन वर्षांपूर्वीचं एक अ‍ॅडमिन पॅनल, जे बंद झालंय असं सगळे समजत होते आणि अकाउंट्सवाल्या बाई रोज वापरत होत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की रात्री दोन वाजता चालणारी बॅकअपची क्रॉन स्क्रिप्ट फेल गेली, त्यात पासवर्ड थेट स्क्रिप्टमध्येच लिहिलेला. म्हणजे एकाच पासवर्डच्या चार प्रती, आणि ईएनव्ही फाइलमध्ये त्यातली फक्त एक. ही यादी चोरी झाल्यावर रात्री अडीचला शोधण्यापेक्षा मंगळवारी दुपारी सापडली हे किती बरं, म्हणून मी आता जिथे जातो तिथे दर तिमाहीला एक तरी की अशी विनाकारण बदलायला लावतो.

जेडब्ल्यूटीचं, म्हणजे लॉगिनच्या टोकनवर सही करायचं, सीक्रेटही त्या फाइलमध्ये असणार, तू लिहिलं नाहीस तरी. तेही बदल, सगळे युझर एकदा लॉगआउट होतील, होऊ दे. एरवी रुटीनमध्ये बदलताना नव्याने सही करायची आणि तपासताना थोडे दिवस दोन्ही मान्य करायची, पण फुटलेलं सीक्रेट एक मिनिटही मान्य करायचं नाही, कारण ते हातात असलेला माणूस कुणाच्याही नावाने, अ‍ॅडमिनच्यासुद्धा, टोकन बनवू शकतो. आणि त्याच कोडमध्ये एक ओळ शोध, जिथे "व्हेरिएबल नसेल तर हे वापर" म्हणून सीक्रेट असा शब्दच डिफॉल्ट ठेवलाय. नोडच्या ट्युटोरियलमध्ये सर्रास असते ती. प्रॉडक्शनला व्हेरिएबल सेट करायचं राहिलं तरी अ‍ॅप कुरकुर न करता सुरू होतं आणि महिनोन् महिने त्या शब्दाने टोकन सही होत राहतात. सीक्रेटला डिफॉल्ट नसावं, नसेल तर अ‍ॅप सुरूच होऊ नये, सुरुवातीलाच नाव सांगून पडावं.

आता ईएनव्ही व्हेरिएबल्सबद्दल जरा गैरसमज दूर करतो. ही पद्धत लोकप्रिय झाली ती अ‍ॅप होस्ट करणाऱ्या हेरोकू कंपनीच्या लोकांनी २०११ च्या सुमारास ट्वेल्व्ह-फॅक्टर म्हणून जे नियम मांडले त्यातून, आणि त्यांची कसोटी मला आजही पटते: तुमचा कोड आत्ता या क्षणी ओपन सोर्स केला तर एकही पासवर्ड बाहेर जाणार नाही ना? पण त्यांनी सोडवलेला प्रश्न कोड आणि कॉन्फिग वेगळं ठेवण्याचा होता. व्हेरिएबलमध्ये ठेवलं म्हणजे ते गुप्त झालं असं कुणी म्हटलेलं नाही. लिनक्सवर त्याच युझरच्या दुसऱ्या प्रोसेसला प्रॉक फोल्डरमधून तुझ्या प्रोसेसची सगळी व्हेरिएबल्स वाचता येतात, तू आतून पीडीएफ बनवायला एखादी छोटी कमांड चालवलीस तर तिलाही ती सगळी वारशाने मिळतात, डॉकरमध्ये (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये बांधून चालवणारं टूल) डॉकर इन्स्पेक्ट मारलं की कंटेनरची सगळी दिसतात. आणि लॉग! नोडमध्ये अ‍ॅक्सिऑस या लायब्ररीने केलेला कॉल फेल गेला आणि तू पूर्ण एरर ऑब्जेक्ट लॉग केलास तर त्याच्या आत कॉन्फिग असतं, कॉन्फिगमध्ये हेडर्स, हेडर्समध्ये ऑथोरायझेशनचं टोकन. तो लॉग मग कुठल्यातरी लॉग सर्व्हिसला जातो, तिथे तीस दिवस बसतो, आणि तिथे अ‍ॅक्सेस इंटर्नपासून सगळ्यांना. मी एखाद्या टीमचे लॉग बघायला बसलो की आधी टोकनच्या पुढे असणारा बेअरर हा शब्द शोधतो.

डॉकरचंही बघ. डॉकरइग्नोर फाइल नसेल आणि डॉकरफाइलमध्ये "इथलं सगळं कॉपी कर" असेल तर डॉट ईएनव्ही आणि अख्खं डॉट गिट फोल्डर इमेजमध्ये जातं. पुढच्या ओळीत डिलीट केलं तरी जात नाही, खालच्या लेयरमध्ये राहतं, अगदी गिटसारखंच. बिल्ड आर्ग्युमेंट म्हणून एनपीएमचं (नोडची पॅकेजेस उतरवायचं) टोकन दिलं तर ते इमेजच्या हिस्टरीत दिसतं, त्यासाठी डॉकरच्याच बिल्डकिटचं सीक्रेट माउंट वापरायचं. कुबरनेटिसला (अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) कधी गेलात तर तिथलं सीक्रेट हे फक्त बेस-६४ असतं एवढं लक्षात ठेव, ते कुलूप नाही, उलटं करायला एक कमांड लागते.

आणि सर्व्हरवर फाइल ठेवत असाल तर वेब सर्व्हरच्या पब्लिक फोल्डरच्या बाहेर, मालक रूट, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) युनिटमधून ती वाचायची. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ऑगस्ट २०२४ मध्ये पालो आल्टो या सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ टीमने एक प्रकरण मांडलं त्यात चोरांनी दुसरं काही केलंच नव्हतं, लाखभर डोमेनच्या पुढे स्लॅश डॉट ईएनव्ही लावून ज्यांची फाइल उघडली त्यांची घेतली. त्यातून ९० हजारांवर व्हेरिएबल्स मिळाली, त्यातल्या क्लाउडच्या कीने आत शिरून एसथ्रीवरचा डेटा उचलला आणि खंडणी मागितली. तुमच्या डोमेनपुढे ते लावून बघायला अर्धं मिनिट लागतं. आज बघ, चाचणीच्या स्टेजिंग साइटचंही बघ, स्लॅश डॉट गिट स्लॅश कॉन्फिगही बघ.

आता व्हॉल्ट. पाच जणांच्या टीमला माझं स्पष्ट मत आहे, नको. हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट चांगलंच आहे, मी मोठ्या ठिकाणी वापरलंय, पण तेही एक सर्व्हर आहे, ते रीस्टार्ट झालं की अनसील करावं (त्याचं कुलूप उघडावं) लागतं, त्याचा बॅकअप, अपग्रेड, पॉलिसी बघायला माणूस लागतो, आणि ते पडलं की तुमचं सगळंच पडतं. ज्या टीमला कुठे कुठे पासवर्ड आहेत याची यादी नाही तिनं व्हॉल्ट बसवलं तर पासवर्डची पाचवी प्रत तयार होते, बाकी काही नाही.

तुम्ही एडब्ल्यूएसवर आहातच, तर त्यांच्याच पॅरामीटर स्टोअरमध्ये सिक्युअर स्ट्रिंग म्हणून ठेवा, स्टँडर्डला पैसे पडत नाहीत. आपोआप बदलण्याची सोय हवी असेल त्या एक-दोन गोष्टी सीक्रेट्स मॅनेजरमध्ये, तिथे एका सीक्रेटला महिन्याला ४० सेंट. अ‍ॅप सुरू होताना तिथून वाचेल. आणि मग खरी मजा अशी की ईसीटूला किंवा ईसीएसला (अ‍ॅप चालवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवा) आयएएम रोल दिला की अ‍ॅपला एडब्ल्यूएसची की लागतच नाही, थोड्या वेळात आपोआप संपणारं तात्पुरतं क्रेडेन्शियल मिळत राहतं. डिप्लॉय गिटहब अ‍ॅक्शन्समधून करत असाल तर तिथेही ओआयडीसी (कायमची की न ठेवता ओळख पटवायची पद्धत) लावून रोल घेता येतो, गिटहबमध्ये एडब्ल्यूएसची की ठेवायची गरज नाही. म्हणजे फुटलेल्या तीनपैकी एक की तुमच्या आयुष्यातूनच निघून गेली. मी नवीन ठिकाणी गेलो की हे पहिल्या आठवड्यात करतो, इतकं ते मोलाचं आहे.

सीआयला कमी लेखू नकोस. टेस्टमध्ये किती कोड तपासला गेला ते मोजणाऱ्या कोडकोव्ह सेवेची बॅश स्क्रिप्ट ३१ जानेवारी २०२१ पासून कुणीतरी बदललेली होती, ज्या ज्या सीआयमध्ये ती चालली तिथली सगळी ईएनव्ही व्हेरिएबल्स बाहेरच्या एका सर्व्हरला जात होती, आणि हे १ एप्रिलला उघडकीला आलं ते एका ग्राहकानं डाउनलोड झालेल्या स्क्रिप्टचं चेकसम (फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हण) गिटहबवरच्या चेकसमशी ताडून बघितलं म्हणून. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स नावाच्या, २३ हजारच्या आसपास रिपो वापरत असलेल्या गिटहब अ‍ॅक्शनचं तसंच झालं, तिनं सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्येच ओतली, आणि दोनदा बेस-६४ करून, कारण गिटहब लॉगमध्ये सीक्रेट झाकतं ते जसंच्या तसं दिसलं तरच. म्हणून बाहेरची अ‍ॅक्शन टॅगने नाही, पूर्ण कमिट हॅशने पिन करा, आणि प्रत्येक जॉबला त्याला लागतं तेवढंच सीक्रेट द्या, टेस्ट चालवणाऱ्या जॉबला रेझरपेची लाइव्ह की कशाला?

आणि मग सर्कलसीआय, ही सीआयची सेवा देणारी कंपनी. ४ जानेवारी २०२३ ला त्यांनी सगळ्या ग्राहकांना कळवलं की आमच्याकडे ठेवलेली तुमची सगळी सीक्रेट्स बदला. त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर आला होता, टू-फॅक्टर करून झालेलं चालू सेशनच चोरलं गेलं. त्या दिवशी ग्राहकांची काहीही चूक नव्हती, कुणी काही पुश केलं नव्हतं. पण ज्यांना बदलायची सवय होती त्यांचं दुपारपर्यंत आटोपलं असणार, आणि ज्यांच्याकडे यादीच नव्हती त्यांचे पुढचे आठवडे त्यातच गेले असणार. म्हणून मी यादी आधी करायला सांगतो: कीचं नाव, कुठे वापरली जाते, कुठल्या स्क्रीनवरून बदलते, शेवटची कधी बदलली. प्रत्यक्ष की लिहायची नाही, फक्त एवढंच. साधी मार्कडाउन फाइल पुरते, रिपोतच ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं. मेसेज जाताना एन्क्रिप्टेड असतो हे बरोबर, पण पोहोचल्यावर तो पाच फोनमध्ये, त्यांच्या बॅकअपमध्ये, ऑफिसच्या पीसीवर उघड्या राहिलेल्या वेबवर पडून राहतो, आणि माणूस नोकरी सोडताना लॅपटॉप परत करतो, फोन नाही. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घ्या, टीमचं शेअर्ड कलेक्शन करा. फाइल रिपोतच ठेवायची हौस असेल तर सॉप्स आणि एज ही टूल्स वापरून एन्क्रिप्ट करून ठेवता येते, कुणी काय बदललं ते डिफमध्येही कळतं. पण त्याही आधी मला विचारायचंय, नवीन मुलाला प्रॉडक्शनची की हवीच कशाला? रेझरपेच्या टेस्ट मोडची की वेगळी असते, डेटाबेस डॉकरमध्ये लोकल, आणि रिपोत एक डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल फाइल, तिच्यात नावं आणि खोट्या व्हॅल्यू. नवीन माणूस पहिल्या दिवशी एकही खरं सीक्रेट न घेता प्रोजेक्ट चालवू शकला पाहिजे. तुमच्या त्या मुलाकडे लाइव्ह की असलेली फाइल नसती तर ती पुश झालीच नसती.

गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) नाव टाकलं तरी फाइल जातेच अशी तुझी तक्रार असेल, तर ती आधीच ट्रॅक झालेली असते म्हणून, गिट आरएम कॅश्डने ट्रॅकमधून काढायची, मग इग्नोर लागू होतं. वर सीक्रेट शोधणारं गिटलीक्स हे टूल प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) लावा, सीआयमध्येही एकदा चालवा कारण हुक कुणीही वगळू शकतं. गिटहबचं पुश प्रोटेक्शन (सीक्रेट असलेला पुश अडवणारी सोय) पब्लिक रिपोंना २०२४ पासून आपोआप चालू असतं, प्रायव्हेटला पैसे पडतात, तुमच्या प्लॅनमध्ये आहे का बघ.

आणि एक. त्या मुलाला रागावली असशील तर आज त्याच्याशी बोल. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एसएसएच होस्ट की, म्हणजे ज्यावरून जगभरचे लॅपटॉप "हा खरा गिटहबच" असं ओळखतात ती, त्यांच्याच हातून पब्लिक रिपोत गेली होती. त्यांनी २४ मार्चला ती बदलली, जगभर लोकांच्या टर्मिनलवर मोठी वॉर्निंग आली, आणि त्यांनी कारण उघड सांगितलं. एका टीममध्ये मी उलटं बघितलंय, आधीच्या चुकीला सगळ्यांसमोर झापलेलं, म्हणून पुढच्या मुलानं की पुश झाली ते तीन आठवडे कुणाला सांगितलंच नाही. तुझ्याकडच्यानं तुला त्याच दिवशी सांगितलं, म्हणून तर आज आपल्याला हे बोलता येतंय.

कायद्याचं एक लक्षात असू दे, क्लाउडट्रेलमध्ये खरंच कुणी आत आलेलं दिसलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि क्लायंटलाही लगेच सांग, बातमी त्याला दुसरीकडून कळता कामा नये.

डेटाबेसचा पोर्ट आत्ताच बघ, बाकीचं आज रात्री ट्रॅफिक कमी झालं की सुरू कर: एडब्ल्यूएस, मग डेटाबेसचा दुसरा युझर, मग रेझरपेची की आणि वेबहुक, शेवटी जेडब्ल्यूटी. बॅकअपच्या क्रॉनमध्ये पासवर्ड आहे का ते आधी बघ. आणि लॉगमध्ये अनोळखी आयपी किंवा न उघडलेला रीजन दिसला तर काही डिलीट करू नकोस, लॉग तसेच्या तसे एक्सपोर्ट करून बाजूला ठेव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.